जेवणाच्या सुट्टीनंतरचा काटा

माझ्या सासूबाईंना आमच्या गल्लीत थांबाबाई म्हणतात, तेही तोंडावर. कुणीतरी बंद पडलेला मिक्सर किंवा इस्त्री घेऊन येतं, "हे बघा, मी लावूनच दाखवतो," म्हणत प्लगकडे हात नेतं, आणि सासूबाईंच्या तोंडून तो शब्द सुटतो. "थांबा!" आवाज असा, की माणूस हात झटकन मागे घेतो आणि मग आपण एवढे कशाला दचकलो म्हणून स्वतःच हसतो. वस्तू का बंद पडली हे कळल्याशिवाय तिला वीज दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. मी सून म्हणून या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीनदा तो शब्द माझ्या वाट्याला आला होता.

त्यांची खोली स्वयंपाकघराच्या मागे आहे. खिडकीखाली लाकडी टेबल, पायाखाली जाड रबरी चटई, भिंतीवर स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. अंगात खाकी एप्रन, स्वतः शिवलेला. त्याला खिसा एकच, डावीकडे, चांगला खोल. त्यात काही ठेवायचं नाही. तो खिसा डाव्या हातासाठी. चालू यंत्रात काम करताना एक हात खिशात घालायचा. दोन्ही हात आत गेले तर झटका एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज असतं. हे त्या इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं भाजीत मीठ किती घालायचं ते चाललंय.

माझे सासरे नेमके उलट. त्यांनी छत्तीस वर्षं बस चालवली. "जन्मभर ब्रेक दाबून दाबून पाय दुखला, आता मी कुठेच थांबणार नाही," असं म्हणतात आणि तसंच वागतात. गरम चहा तोंडाला लावतात, पोळतात, बशीला दोष देतात. या दोघांचा संसार बेचाळीस वर्षं कसा टिकला हे मला सुरुवातीला कोडंच होतं. नंतर कळलं, की सासरे ज्या घाईने वस्तू मोडतात, त्या घाईनेच "तूच नीट करू शकतेस" असं कबूलही करतात.

सासूबाई लग्नाआधी एका कारखान्यात होत्या, पॅकिंगमध्ये, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे त्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसल्या, आणि दुकान मिटलं तेव्हा टेबल घरी आलं. पॅकिंगमधल्या मुलीला रेडिओतलं कसं कळायला लागलं, असा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नाही. सासूबाई तशाच वाटायच्या, जन्मल्या तेव्हापासून हातात सोल्डरिंगची कांडी असल्यासारख्या.

मग एका रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. पन्नाशीच्या एक बाई उतरल्या आणि मागच्या सीटवरची पेटी ओढायला लागल्या. पेटी प्रवासाच्या बॅगेएवढी, कडांना धातूच्या पट्ट्या, आणि वजन असं, की सासरे मदतीला गेले ते "अगं बाई गं" म्हणतच आत आले.

"काकू, मी मास्तरांची मुलगी," बाई म्हणाल्या. "बाबा आता माझ्याकडे राहायला येतायत. त्यांचं घर रिकामं करतोय. जिन्याखाली ही पेटी होती. बाबा म्हणाले, बाकी काय हवं ते करा, ही मात्र तिला द्या."

"मास्तर आहेत अजून?" सासूबाईंनी विचारलं. आवाज जरा लहान झाला होता.

"अठ्ठ्याऐंशी पूर्ण. कान गेलेत, जीभ शाबूत आहे."

सासूबाईंनी पेटीचे खटके उघडले. आत काळ्या पत्र्यावर ओळीने गोल गोल भोकांच्या चकत्या, कुठे पाच भोकं, कुठे सात, कुठे आठ. आकड्यांची बटणं. मधोमध काचेआड एक काटा, त्यामागे अर्धा लाल, अर्धा हिरवा पट्टा. मला तर हे पाणबुडीतलं काहीतरी वाटलं.

"व्हॉल्व्ह टेस्टर," सासूबाई म्हणाल्या. जुन्या रेडिओत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तो व्हॉल्व्ह या भोकांत बसवला की काटा सांगायचा, हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे बाद. हे सांगता सांगता त्यांनी काचेवरची धूळ पदराने नाही, फुंकरीने उडवली आणि हात मागे घेतला. हातच लावायचा नाही असं ठरवल्यासारखा.

"चालतो का बघू या की," सासरे म्हणाले. वायर त्यांच्या हातात होती आणि ते भिंतीकडे निघालेही होते.

"थांबा!"

मास्तरांची मुलगी दचकून खुर्चीत बसली.

ती गेल्यावर सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे मी विचारत गेले आणि त्या वाटाणे सोलत उत्तरं देत गेल्या.

कारखाना बोटींवरचे रेडिओ बनवायचा. सासूबाई तिथे सव्विसाव्या वर्षी तपासणीच्या टेबलावर होत्या. त्या विभागात बाई एकटी. हे टेबल त्यांना मास्तरांनी दिलं होतं. मास्तर म्हणजे विभागाचे प्रमुख, पण प्रमुख कुणी म्हणत नसे, कारण हातातलं काम शिकवणारा तो मास्तर. मास्तर कडक होते, पण शिकवायचे मन लावून. एप्रनच्या डाव्या खिशाची शिकवण त्यांचीच.

सकाळी व्हॉल्व्ह एका मांडणीवर तापत ठेवायचे, चार तास. टेस्टरही आठ वाजताच चालू करून ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर एकेक व्हॉल्व्ह तपासायचा. बाद निघाला तर फोडून टाकायचा, चुकून कुणी वापरू नये म्हणून. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका महिन्यात अचानक बाद व्हॉल्व्ह वाढायला लागले. दिवसाला दोन, मग दहा, मग वीस. तीन आठवड्यांत सासूबाईंनी दोनशे अठरा व्हॉल्व्ह फोडले.

"इतके खराब कसे येतील?" म्हणून मास्तरांनी एका सकाळी साडेआठला येऊन त्याच खोक्यातले उरलेले व्हॉल्व्ह स्वतः तपासले. सगळे हिरवे. आदल्या दुपारी सासूबाईंनी लाल ठरवलेले, पण अजून न फोडलेले पाच, तेही हिरवे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माझं लग्न ठरलेलं होतं. सगळे म्हणाले, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, नवऱ्याच्या नावाचा काटा बघते. हसले. मास्तर हसले नाहीत, पण मला पॅकिंगला पाठवलं. मी त्यांना म्हटलं, मास्तर, एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर बघा. ते म्हणाले, मला शिकवू नकोस."

"आणि तुम्ही?"

"खोके बांधले. एक वर्ष आणि दोन महिने. मग दुकानात गेले."

वाटाणे संपले होते. त्यांनी सालं गोळा केली आणि उठल्या. सासरे दारात उभे राहून ऐकत होते. "हे मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कारखान्यात जाऊन मास्तरांची गचांडी धरली असतीत."

"धरली असती!"

"म्हणूनच."

पुढचे पाच आठवडे टेस्टर त्या टेबलावर होता आणि पहिले तीन त्याला वीज अजिबात मिळाली नाही. सासरे रोज सकाळी "आज?" विचारायचे. सासूबाई मान हलवायच्या. संध्याकाळी ऑफिसातून आले की मी चपला काढून सरळ मागच्या खोलीत जायचे. एक वही मला दिली होती, त्या सांगतील ते मी लिहायचं.

सगळ्यात आधी पेटीचे स्क्रू काढून आतली बाजू उघडी केली. बारा दिशांनी फोटो काढले. मऊ ब्रशने धूळ झाडली. वायरीवरचं रबर बोट लागताच शिळ्या पावासारखं कुस्करलं. फ्यूज जळालेला होता, त्याभोवती कुणीतरी चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवलं होतं. सासूबाईंनी ती चांदी चिमट्यात धरून खिडकीजवळ नेली, उजेडात पाहिली आणि म्हणाल्या, "याला धरून बडवायला हवा." इतक्या शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या, आणि ही एवढीच होती.

आत कपॅसिटर नावाच्या नळकांड्या होत्या. त्या वीज साठवून ठेवतात, यंत्र बंद केल्यावरही. म्हणून चालू यंत्र बंद केलं की आधी लाकडी काठीला बांधलेल्या रेझिस्टरने, म्हणजे वीज हळूहळू जाऊ देणाऱ्या भागाने, ती साठवण रिकामी करायची आणि मीटर लावून शून्य बघायचं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्रात काही उरलं नसणार हे उघड होतं. तरी त्यांनी ते केलं. "सवय मोडायची नसते," म्हणाल्या.

मग प्रश्न आला, बदलायचं काय आणि ठेवायचं काय. मला वाटलं होतं, जुनं सगळं काढून नवं बसवायचं की झालं.

"तसं केलं तर यंत्र चालेल," सासूबाई म्हणाल्या, "पण तेव्हा काय बिघडलं होतं ते कचऱ्यात जाईल. ज्याने आग लागेल, ज्याने माणूस मरेल, ते आत्ता बदलायचं. ज्याने काटा खोटं बोलेल, त्याला हात लावायचा नाही. त्याला आधी बोलू द्यायचं."

नवी तीन तारांची वायर आली, तिसरी तार पत्र्याला घट्ट बांधली, म्हणजे आत काही सुटून पत्र्याला लागलं तरी झटका माणसाला न बसता जमिनीत जाईल. बरोबर मापाचा फ्यूज बसला. ट्रान्सफॉर्मर दोन दिवस एका पेटत्या दिव्याजवळ ठेवून सुकवला, मग मीटर लावून त्याची गळती तपासली. मुख्य साठवणीच्या दोन नळकांड्या फुगलेल्या होत्या, त्या बदलल्या. प्रत्येक काढलेला भाग चिठ्ठी लावून डबीत.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी दहा वाजता, त्या म्हणाल्या, "आज."

सासरे दाढी करून आले. खरंच सांगते, दाढी करून.

सासूबाईंनी टेस्टर थेट भिंतीला लावला नाही. मध्ये सिरीजचा दिवा टाकला. साधा पिवळा बल्ब, पण वीज त्याच्यातून गेल्याशिवाय यंत्रापर्यंत पोचत नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. त्यांनी डावा हात खिशात घातला, आम्हा दोघांना टेबलापासून दोन पावलं मागे उभं केलं आणि बटण दाबलं.

बल्ब लख्ख पेटला. खोलीभर उजेड. सासूबाईंनी बटण बंद केलं, प्लग उपटला.

"बिघडलं?" सासरे कुजबुजले.

"बिघडलेलं होतं. आता दिसलं." अर्ध्या तासात त्यांनी शोधून काढलं. वायर जिथे आत शिरते तिथेच, चिखलाच्या रंगाची एक कागदी नळकांडी, एका पट्टीखाली दडलेली, फोटोतही न दिसलेली. ती आतून पूर्ण गेली होती. सासूबाई थोडा वेळ ती तळहातावर घेऊन बसल्या. मग स्वतःवरच रागावल्या. "ही मी आधीच बघायला हवी होती. लिही वहीत. माझी चूक म्हणून लिही." मी लिहिलं. त्या रविवारी सासऱ्यांनी सरळ प्लग लावला असता तर काय झालं असतं, हे कुणीच बोललं नाही. पण सासऱ्यांनी त्या दिवशी चहा बशीत ओतून, फुंकून प्यायला.

नवी नळकांडी बसली. पुन्हा बटण. बल्ब उजळला, हळूहळू लालसर झाला आणि विझल्यासारखा मंद राहिला. मग दिवा काढून, व्होल्टेज थोडं थोडं वाढवायचा डबा मध्ये टाकला, आणि दोन तासांत पायरी पायरीने त्यांनी टेस्टर पूर्ण विजेवर आणला. मी प्रत्येक पायरीला आकडा वाचायचा, त्या मान डोलवायच्या. जळका वास आला तर सांगायचं काम सासऱ्यांकडे होतं. त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शेजारच्यांची पोळी होती.

टेस्टर सोमवारपर्यंत बंद ठेवला, पूर्ण थंड होऊ दिला. सोमवारी मी रजा काढली. सकाळी आठला त्यांनी तो चालू केला, दहा मिनिटांनी एक नवाकोरा व्हॉल्व्ह बसवला. काटा सरसर चढला आणि हिरव्यात जाऊन बसला.

"झालं की!" सासरे टाळी वाजवणार होते.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या, पण हळू.

आम्ही बसलो. नऊ वाजले. हिरवा. साडेनऊ. हिरवा. सासऱ्यांना डुलकी लागली. पावणेदहाला सासूबाईंनी व्हॉल्व्ह काढून परत बसवला, आणि काटा चढताना मध्येच अडखळला. हिरव्याच्या कडेवर थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा, तोच व्हॉल्व्ह. लाल. दुसरा व्हॉल्व्ह. लाल. तिसरा, डबीतून नुकताच काढलेला. लाल.

मी ओरडलेच. "आई! तुमचं बरोबर होतं!"

सासूबाईंनी टेस्टर बंद केला, प्लग काढला, काठीने साठवण रिकामी केली, मीटरवर शून्य बघितलं. एप्रन काढून खुंटीला लावला. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. मी मागोमाग जाणार होते, सासऱ्यांनी माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला म्हणाले, "थांब."

नेमकं काय बिघडलंय ते शोधायला माझा केस वाळवायचा ड्रायर कामी आला. टेस्टर बंद, प्लग बाहेर. एकेका रेझिस्टरला कागदाच्या नळीतून गरम हवा द्यायची आणि मीटरवर त्याचा आकडा बघायचा. सतरावा रेझिस्टर तापला तसा त्याचा आकडा चढायला लागला, चढतच गेला. थंड झाल्यावर निमूट जागेवर आला. भिंगाखाली त्याच्या रंगाच्या आत केसाएवढी चीर होती. गरम झाला की चीर फाकायची, व्हॉल्व्हला पुरेसं व्होल्टेज मिळायचं नाही, आणि चांगला व्हॉल्व्ह लाल दिसायचा. सकाळी, यंत्र थंड असताना, सगळं ठीक.

"बदलायचा का?" मी नवा रेझिस्टर शोधायला लागले.

"नाही. मास्तरांना दाखवायचाय."

मास्तर आले ते शुक्रवारी, सकाळी आठला, मुलीच्या आधाराने. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड असेल. बारीकसे आजोबा होते, स्वेटरची बटणं एक सोडून लावलेली. सासूबाई दारात गेल्या आणि वाकून त्यांची बटणं नीट लावायला लागल्या.

"म्हातारी झालीस गं," मास्तर म्हणाले.

"तुमच्यानंतर, मास्तर."

त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून सासूबाई काही समजवायला गेल्याच नाहीत. खुर्ची काट्यासमोर ठेवली. टेस्टर चालू केला. व्हॉल्व्ह बसवायला त्यांच्याच हातात दिला. मास्तरांचा हात थरथरत होता, पण व्हॉल्व्हच्या पिना त्यांनी न बघता बरोबर बसवल्या. काटा हिरव्यात गेला.

"हिरवा," ते म्हणाले. "मग?"

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं उभी केली. दोन तास. मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग टेस्टरकडे, आणि मला खात्री आहे, त्यांना तिथेच सगळं कळलं. पण ते बसले. दोन तास बसले. चहा झाला, बिस्किटं झाली, सासऱ्यांनी बसच्या गोष्टी ओरडून ओरडून सांगितल्या. खरं तर त्यांनी या माणसाची गचांडी धरायची होती. प्रत्यक्षात त्यांनी त्यांच्या पाठीला उशी लावली.

दहाला पाच कमी असताना सासूबाईंनी पुन्हा व्हॉल्व्ह पुढे केला. लाल.

"दुसरा दे," मास्तर म्हणाले. लाल. "आणखी." लाल. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मी साडेआठला तपासायचो," ते म्हणाले.

"आणि मी दोनला," सासूबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या.

"तुझ्यानंतर तपासणी मीच करायचो. व्हॉल्व्ह आदल्या दुपारी तापवून ठेवायचो, सकाळी आल्या आल्या तपासून तासाभरात मोकळा. कधी दुपारी बसलोच नाही. तू म्हणाली होतीस, सुट्टीनंतर बघा. ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारखाना बंद झाला तेव्हा ज्याने त्याने खुर्च्या नेल्या, पंखे नेले. मी हा आणला. दर वर्षी म्हणायचो, लावून बघू. नाही लावला. तुझं खरं निघालं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं."

मास्तरांची मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती.

"चूक झाली माझी, पोरी. सगळ्यांच्या देखत केली होती."

सासूबाई स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "मास्तर, मला सकाळी बघायला कुणी अडवलं होतं? मीही हट्टाने दुपारीच बघत राहिले. एकदा साडेआठला येऊन तुमच्या शेजारी उभी राहिले असते, तर दोघांनाही कळलं असतं. मला राग आला होता. रागात मी खोके बांधत बसले."

"तू लहान होतीस. मी मास्तर होतो."

यावर सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी टेस्टर बंद केला, साठवण रिकामी केली, आणि शून्य मास्तरांना दाखवलं. त्यांनी मान डोलवली, पूर्वी डोलवत असतील तशी. मग तो चिरलेला रेझिस्टर काढायची वेळ आली. सासूबाईंनी कांडी मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी आपला थरथरता हात बघितला आणि म्हणाले, "तू काढ. मी बॅटरी धरतो." बॅटरीचा उजेड सगळ्या खोलीत नाचत होता. सासूबाईंनी तक्रार केली नाही, उजेड जागेवर यायची वाट बघत बघत काम केलं. नवा रेझिस्टर बसला. जुना मास्तरांनी मागून घेतला, रुमालात गुंडाळला.

टेस्टर पुन्हा थंड करून, पुन्हा चालू करून, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवला. काटा हिरव्यातून हलला नाही. मास्तर जेवून, माझ्या पलंगावर झोपून, उठून, चहा घेऊन, चार वाजता पुन्हा बघायला आले. "हिरवा," म्हणाले, आणि मग घरी गेले.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा तरी यायचे. जुने रेडिओ जमवणाऱ्यांना या टेस्टरचा पत्ता लागला होता, लांबून लांबून व्हॉल्व्ह यायला लागले होते. मास्तर आले की दोघं मिळून तपासायचे, आणि भांडायचे. मास्तरांचं म्हणणं, आत काही सैल नाही ना म्हणून व्हॉल्व्ह दोनदा ठोकून बघावा. सासूबाईंचं म्हणणं, एकदा पुरे. सासरे पंच म्हणून बसायचे आणि ज्याचं बोलणं शेवटी ऐकलं त्याच्या बाजूने निकाल द्यायचे.

कारखान्यातली जुनी माणसं वर्षातून एकदा एका सभागृहात जमतात. सासूबाई कधी गेल्या नव्हत्या, त्या वर्षीही गेल्या नाहीत. म्हणाल्या, इस्त्र्या पडल्यात. मास्तरांनी सासऱ्यांना बोलावून नेलं. परत आल्यावर सासऱ्यांनी आम्हाला सगळं उभं राहून करून दाखवलं. मास्तर दोघांच्या आधाराने स्टेजवर गेले. माईकच्या अगदी जवळ तोंड नेलं, त्यामुळे अर्धे शब्द फाटत होते. दोनशे अठरा हा आकडा त्यांना पाठ होता. ते व्हॉल्व्ह फोडणाऱ्या मुलीचं डोकं ठिकाणावर होतं, टेस्टरचं नव्हतं, आणि तिने सांगूनही मी बघितलं नाही, असं ते म्हणाले. कुणाला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"लोक? लोक जेवायला उठले होते निम्मे," सासरे म्हणाले. "पण जे बसले होते ते उभे राहिले."

सासूबाई इस्त्रीची तळपट्टी पुसत होत्या. "मास्तरांना जिना उतरताना कुणी धरलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं केलंत."

दोन दिवसांनी फोन वाजला. पॅकिंगमधल्या एक जुन्या बाई, सासूबाईंच्या शेजारी खोके बांधणाऱ्या. त्यांचा आवाज इतका मोठा, की मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता. "अगं, नवऱ्याच्या नावाचा काटा, ते मीच म्हणाले होते! मी! वर्षभर तू माझ्या शेजारी बसून दोऱ्या बांधत होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू आणखी काहीतरी काढलं असतंस," सासूबाई म्हणाल्या.

"काढलं असतं! काढलंच असतं मी!"

मग दोघी हसायला लागल्या. मी भाजी चिरून, पोळ्या लाटून, सासऱ्यांना वाढलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. मधूनच "नाही गं, ती निळी दोरी नव्हती, हिरवी होती," असं काहीतरी ऐकू यायचं आणि मग पलीकडून त्याला जोरदार विरोध. सासूबाईंचं ताट झाकून ठेवलं. त्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या, फोन खांद्यात धरून, डोळे पुसत, आणि दोरीच्या रंगावरून माघार घ्यायला अजिबात तयार नव्हत्या.